रेकॉर्डची मागची बाजू : 'हार्ट ऑफ ग्लास'बद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात न्यूयॉर्कच्या ब्लाँडी या रॉक बँडबद्दल लिहिताना मी एक वाक्य ओघात लिहून गेले होते : "१९७९ च्या फेब्रुवारीत त्यांचं 'हार्ट ऑफ ग्लास' ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं." त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्या गाण्यालाच देते आहे. मी पंचवीस वर्षं ध्वनिमुद्रणाच्या कामात काढली आणि हे गाणं माझ्या फार जवळचं आहे. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : काही ठिकाणी या गाण्याचं वर्ष १९७८ दिलेलं असतं, काही ठिकाणी १९७९. खरं कोणतं? शिवाय माझ्याकडच्या सिंगलच्या (म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या) मागच्या बाजूला 'रायफल रेंज' आहे आणि मित्राच्या सिंगलवर '११:५९'. यातली एक रेकॉर्ड नकली आहे का?

दोन्ही वर्षं खरी आहेत आणि दोन्ही रेकॉर्डसुद्धा.

गाणं लोकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते १९७८ च्या सप्टेंबरमध्ये, 'पॅरलल लाइन्स' या अल्बममधून. सुटं सिंगल म्हणून ते बाजारात आलं १९७९ च्या जानेवारीत. अल्बम धरून लिहिणारा १९७८ लिहितो, सिंगल धरून लिहिणारा १९७९. चार्टाबद्दल, म्हणजे दर आठवड्याच्या क्रमवारीबद्दल, बोलायचं असेल तर १९७९ च धरायचं, कारण चार्टावर चढतं ते सिंगल.

मागच्या बाजूचं म्हणाल तर त्या काळी एकच गाणं दोन देशांत निघताना मागची बाजू हमखास बदलायची. क्रिसॅलिस या रेकॉर्ड कंपनीने ब्रिटनच्या सिंगलवर 'रायफल रेंज' दिलं. ते १९७६ च्या पहिल्या अल्बममधलं जुनं गाणं. अमेरिकेत दिलं '११:५९', जे 'पॅरलल लाइन्स'मधलंच आहे. तेव्हा तुमची रेकॉर्ड ब्रिटिश वळणाची आणि मित्राची अमेरिकन. दोघांनीही जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट तपासून बघा. अल्बमवर हे गाणं मुळात ३ मिनिटं ५४ सेकंदांचं होतं. बारा इंची सिंगलसाठी ते वाढवून ५ मिनिटं ५० सेकंदांचं केलं आणि पुढे अल्बमच्या नव्या आवृत्त्यांतही हेच लांब रूप घातलं गेलं. 'माझ्या अल्बममधलं गाणं वेगळं वाटतं' असं काही जणांनी कळवलं आहे. त्यांचा कान बरोबर आहे.

प्रश्न : ब्लाँडी मूळचा पंक (खडबडीत, बंडखोर रॉक) वाजवणाऱ्या क्लबमधला बँड. १९७८ मध्ये सगळीकडे डिस्को चालतंय हे बघून त्यांनी हे गाणं केलं आणि रॉक सोडून पैशांमागे गेले, असं माझे एक ज्येष्ठ मित्र ठामपणे सांगतात. तुमचं मत?

तुमच्या मित्रांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की हे गाणं १९७८ मध्ये जन्मलेलंच नाही.

बँडची गायिका डेबी हॅरी आणि गिटारवादक क्रिस स्टाइन यांनी ते लिहिलं साधारण १९७४-७५ च्या सुमाराला. तेव्हा त्यांच्याकडे ना कंपनीचा करार होता, ना नाव. न्यूयॉर्कच्या बावरी भागातल्या सीबीजीबी या क्लबमध्ये वाजवणारी ही मंडळी. गाण्याचं तेव्हाचं नाव होतं 'वन्स आय हॅड अ लव्ह', पण बँडमध्ये सगळे त्याला सरळ 'द डिस्को साँग' म्हणायचे. १९७४ मध्ये ह्यूज कॉर्पोरेशनचं 'रॉक द बोट' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं होतं. त्याची झुलती चाल स्टाइनच्या डोक्यात होती. १९७५ मध्ये त्यांनी याचा कच्चा नमुना ध्वनिमुद्रितही केला. तो पुढे प्रसिद्ध झाला आहे. मिळवून जरूर ऐका. गाणं ओळखू येतं, पण चाल संथ आहे आणि सगळं थोडं सैलसर आहे. चांगली चाल हातात आहे आणि तिला घालायला कपडे सापडत नाहीत, अशी ती अवस्था.

ते कपडे सापडायला तीन वर्षं गेली. मध्ये १९७७ मध्ये डोना समरचं 'आय फील लव्ह' आलं. जॉर्जिओ मोरोडरने ते जवळपास सगळं सिंथेसायझरवर उभं केलं होतं. ब्लाँडीची मंडळी त्या गाण्यावर इतकी लुब्ध झाली की १९७८ च्या मे महिन्यात सीबीजीबीच्या मंचावर त्यांनी ते गाऊनही दाखवलं. एका पंक क्लबमध्ये! जर्मनीच्या क्राफ्टवेर्कचं संगीतही ते ऐकत होते. म्हणजे लाट बघून धावलेली ही माणसं नव्हेत. त्यांना हे संगीत मनापासून आवडत होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

आता माझ्या जिव्हाळ्याचा भाग. १९७८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत 'पॅरलल लाइन्स'चं काम सुरू झालं. निर्माता होता माइक चॅपमन. स्वीट हा बँड आणि गायिका सूझी क्वाट्रो यांच्यासाठी एकामागून एक हिट गाणी देणाऱ्या जोडगोळीतला हा एक. अतिशय काटेकोर माणूस. त्याने विचारलं, तुमच्याकडे आणखी काय आहे? तेव्हा हे 'डिस्को साँग' बाहेर निघालं.

स्टुडिओत त्यांच्याकडे रोलँड कंपनीची सीआर-७८ नावाची तालाची पेटी, म्हणजे ड्रम मशीन, होती. अशा पेट्या ऑर्गन वाजवणाऱ्याला घरबसल्या साथ मिळावी म्हणून बनायच्या. हिच्यावर वॉल्ट्झ, रुम्बा, बोसा नोव्हा अशा तालांची बटणं असतात. दाबलं की टिक-टिक सुरू. गाण्याच्या अगदी सुरुवातीला जो बारीक, कोरडा, किंचित डचमळणारा ठेका येतो, तो हिचाच. त्याच पेटीतून निघणारा विद्युत ठोका त्यांनी सिंथेसायझरला जोडला, म्हणजे पेटीच्या ठेक्यावर सिंथेसायझरही चालू लागला. आज हे एका बटणावर होतं. तेव्हा वायरी जोडून, ऐकून, पुन्हा सोडून जोडून करावं लागायचं.

आणि मग या यंत्राच्या बरोबरीने एका माणसाला वाजवायचं होतं. ड्रमवर क्लेम बर्क. मोकळा, उसळणारा, अंगाने वाजवणारा ड्रमर. चॅपमनने त्याच्याकडून अख्खा ड्रम एकत्र वाजवून घेतलाच नाही. आधी फक्त पायाचा बेस ड्रम. नुसत्या तेवढ्यासाठी काही तास गेले. मग बाकीचे तुकडे एकेक करून.

हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून माझा एक अनुभव सांगते. एका कामात मलाही एका तरुण ड्रमरकडून असाच नुसता बेस ड्रम घ्यायचा होता. तो बसला, सुरुवात केली आणि चौथ्या आवर्तनातच ठोके मागे-पुढे व्हायला लागले. चांगला वाजवणारा मुलगा. काचेतून बघितलं तर त्याचे दोन्ही हात हवेत हलत होते. हाय-हॅटच्या झांजा नाहीत, स्नेअरचा छोटा ड्रम नाही, तरी हात आपापल्या जागी जाऊन थबकत होते आणि प्रत्येक थबकण्याबरोबर पायही अडखळत होता. शेवटी त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि डोळे मिटून वाजवलं. तेव्हा कुठे ठोका सरळ लागला. तीन मिनिटांच्या ट्रॅकला त्या दिवशी संध्याकाळ झाली. बाहेर आला तेव्हा त्याच्या पोटरीला गोळा आला होता. 'हार्ट ऑफ ग्लास'चा तो गुळगुळीत, न थकणारा ठोका ऐकते तेव्हा मला त्यामागचा पाय दिसतो.

बँडमध्ये सगळे खूश होते असंही नाही. बर्कने सुरुवातीला हे गाणं मंचावर वाजवायला नकार दिला होता. गाणं गाजल्यावर तो राजी झाला. पंक वर्तुळातल्या अनेकांनी बँडवर विकले गेल्याचा आरोप केला. तुमच्या मित्रांचं मत तिथूनच आलेलं आहे, म्हणजे ते जुनं आणि प्रतिष्ठित मत आहे. तरीही मला ते पटत नाही. पैशांसाठी गाणं करणारा माणूस ते चार वर्षं सांभाळत नाही. डिस्कोची हवा कंपनीच्या उपयोगी पडली हे खरं. पण रॉक बँडने ड्रम मशीन, सिंथेसायझर आणि हॅरीचा तो वरच्या पट्टीतला हलका आवाज एकत्र आणून पुढच्या दहा वर्षांचं पॉप आधीच वाजवून ठेवलं. हा धाडसाचा भाग आहे. लाटेचा नव्हे.

आणखी एका वाचकाने शब्दांबद्दल विचारलं आहे, ते इथेच सांगते. पहिल्या कच्च्या रूपात प्रेमाला उद्देशून एक रांगडा वाक्प्रचार वारंवार येत होता. दर वेळी तेच कसं म्हणायचं, म्हणून त्या जागी यमक जुळवून 'काचेचं काळीज' आलं आणि तेच गाण्याचं नाव झालं. जुना रांगडा शब्द एका ठिकाणी ठेवला. तो बीबीसीने रेडिओवर झाकला.

प्रश्न : ब्रिटनमध्ये फेब्रुवारीतच पहिला नंबर आणि तोही चार आठवडे. अमेरिकेत मात्र थेट एप्रिलच्या शेवटी आणि एकच आठवडा. हा अमेरिकन बँड. मग स्वतःच्याच देशात गाणं कमी चाललं असं समजायचं का?

नाही. पण प्रश्न नेमका आहे. आधी तारखा पाहू.

ब्रिटनमध्ये १९७९ चा जानेवारी व्हिलेज पीपलच्या 'वायएमसीए'ने गाजवला. मग एक आठवडा इयन ड्युरीचं गाणं वर होतं. ३ फेब्रुवारीच्या चार्टात 'हार्ट ऑफ ग्लास' पहिलं आलं आणि चार आठवडे हललं नाही. त्याला खाली उतरवलं बी जीजच्या 'ट्रॅजेडी'ने आणि त्यानंतर ग्लोरिया गेनरचं 'आय विल सर्व्हाइव्ह' आलं. केवढा गर्दीचा हंगाम होता बघा! अमेरिकेत बिलबोर्ड या संगीत-साप्ताहिकाच्या हॉट १०० या चार्टात गाणं पायरीपायरीने वर सरकत गेलं. २८ एप्रिलला ते पहिलं आलं. आधीच्या आठवड्यात तिथे अमी स्टुअर्टचं 'नॉक ऑन वुड' होतं आणि पुढच्या आठवड्यात पीचेस अँड हर्बचं 'रीयुनायटेड'.

आता फरक का पडला? पहिलं कारण म्हणजे ब्रिटनमध्ये बँडसाठी जमीन तयार होती. १९७८ मध्ये 'डेनिस' तिथे दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं होतं. 'पॅरलल लाइन्स'मधली 'पिक्चर धिस' आणि 'हँगिंग ऑन द टेलिफोन' ही दोन गाणी अनुक्रमे बाराव्या आणि पाचव्या नंबरपर्यंत पोचली होती. लोक पुढच्या सिंगलची वाटच बघत होते. अमेरिकेत याच अल्बममधून आधी काढलेली दोन सिंगल्स हॉट १०० च्या आसपासही फिरकली नव्हती. तिथल्या रेडिओला हा बँड पंकवाला म्हणून नको होता. त्यामुळे 'हार्ट ऑफ ग्लास'ला तिथे प्रत्येक पायरी स्वतः चढावी लागली. (गंमत म्हणजे या बँडचं नाव चार्टावर वर आलं ते सर्वात आधी ऑस्ट्रेलियात. १९७७ मध्ये 'इन द फ्लेश' तिथे दुसऱ्या नंबरवर गेलं. टीव्हीच्या 'काउंटडाउन' कार्यक्रमात दुसऱ्याच गाण्याऐवजी चुकून त्याची फिल्म लावली गेली, असं सांगतात.)

दुसरं कारण मोजणीचं आहे आणि चार्ट वाचणाऱ्या प्रत्येकाने ते ध्यानात ठेवावं.

ब्रिटनचा चार्ट तेव्हा फक्त विक्रीवर होता. ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो ही संस्था निवडक दुकानांना डायरी द्यायची. दुकानातल्या मुलीने किंवा मुलाने प्रत्येक सिंगल विकलं की त्याचा क्रमांक हाताने डायरीत लिहायचा. ब्रिटनमध्ये 'हार्ट ऑफ ग्लास'चा क्रमांक होता सीएचएस २२७५. शनिवारची दुपार डोळ्यांपुढे आणा. काउंटरपुढे रांग. एक हात पैसे घेतोय, दुसरा पिशवीत रेकॉर्ड सरकवतोय, मधेच डायरीत पुन्हा सीएचएस २२७५, पुन्हा सीएचएस २२७५. आठवडा संपला की डायऱ्या गोळा होऊन बेरीज व्हायची आणि मंगळवारी रेडिओ वनवर नवा चार्ट. मागणी आधीपासून असेल तर असा चार्ट झटकन उडी मारतो.

हॉट १०० ची रीत वेगळी. त्यात विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजतं तेही धरलेलं असतं. शिवाय त्या काळात दुकानं नेमका आकडा नव्हे, तर आपल्याकडे कोणतं सिंगल कितव्या क्रमांकावर खपतं याचा अहवाल द्यायची. रेडिओ केंद्रं आपली यादी पाठवायची. एवढ्या मोठ्या देशात एका शहरातलं केंद्र गाणं उचलतं, मग शेजारचं, मग आणखी दूरचं. एका टोकाला गाणं शिळं होतं तेव्हा दुसऱ्या टोकाला ते नवं असतं. म्हणून तिथे तेव्हा चढण हळू असायची आणि शिखरावर जागा क्षणभराची. प्रत्यक्ष विक्रीचे यंत्रांनी टिपलेले आकडे हॉट १०० मध्ये आले ते १९९१ च्या शेवटी.

तेव्हा 'चार आठवडे' आणि 'एक आठवडा' यांची वजाबाकी करू नका. ती दोन वेगळ्या तराजूंवरची मापं आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड इथेही हे गाणं पहिलं आलं, आणि त्यातल्या प्रत्येकाचा तराजू पुन्हा निराळा.

त्यानंतर काय झालं तेही दोन्ही देशांत वेगळं आहे. ब्रिटनमध्ये पुढचं सिंगल 'संडे गर्ल' निघालं आणि मे महिन्यात तेही पहिल्या नंबरवर गेलं. अमेरिकेत ते सिंगल म्हणून काढलंच नाही. तिथे 'वन वे ऑर अनदर' काढलं, जे चोविसाव्या नंबरपर्यंत गेलं. त्याच उन्हाळ्यात, १२ जुलैला, शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवण्याचा तो उन्मादी कार्यक्रम झाला. मला त्याचं आजही वाईट वाटतं. अनेक डिस्को गायकांची कारकीर्द त्या वाऱ्यात मोडली. ब्लाँडी मात्र टिकले. अमेरिकेत त्यांची आणखी तीन गाणी पहिली आली : 'कॉल मी', 'द टाइड इज हाय' आणि 'रॅप्चर'. चारही गाण्यांची जात वेगळी.

प्रश्न : एका ठिकाणी या सिंगलला 'प्लॅटिनम' म्हटलं आहे आणि एका ठिकाणी 'गोल्ड'. मग नक्की किती खपलं?

ब्रिटनमध्ये दहा लाखांच्या वर. १९७९ मध्ये तिथे सर्वाधिक खपलेल्या सिंगल्समध्ये ते आर्ट गारफंकलच्या 'ब्राइट आइज'च्या खालोखाल दुसरं होतं. प्लॅटिनमचा दाखला ब्रिटनचा, गोल्डचा अमेरिकेचा. त्या काळी ब्रिटनमध्ये दहा लाख प्रतींना प्लॅटिनम मिळायचं आणि अमेरिकेत तेवढ्याच दहा लाखांना फक्त गोल्ड. प्लॅटिनमसाठी तिथे वीस लाख लागत. धातू निरनिराळे, आकडा तोच. अमेरिकेने ही अट १९८९ मध्ये निम्म्यावर आणली, त्यामुळे नंतरच्या सिंगल्सशी तुलना करताना सांभाळा.

प्रश्न : मी या गाण्यावर टाळ्या देतो, पण मधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यात दर वेळी चुकतो. माझं काय चुकतं?

तुमचं काहीच चुकत नाही. हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण पन्नासातले एकोणपन्नास जण नाचत राहतात आणि त्यांना कळतही नाही.

सगळं गाणं चारचारच्या मात्रांत चालतं. त्या मधल्या तुकड्यात मात्र एक मात्रा काढून टाकलेली आहे. चार आणि तीन, मिळून सात. नाचायच्या गाण्यात सात मात्रा! रूपक तालाची सवय असलेल्याला सात मात्रांचं नवल नाही, पण रूपकात पहिले तीन आणि मग दोन-दोन असे विभाग असतात, इथे चार आधी येतात. म्हणून रूपकाच्या हिशेबाने गेलात तरी फसाल. इतका वेळ काही तासांच्या कष्टाने सरळ ठेवलेला पाय इथे अचानक एक पाऊल गाळतो आणि तरीही तोल जात नाही.

क्लेम बर्क २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले. पुढच्या वेळी तो तुकडा आला की टाळ्या थांबवा आणि बोटांवर मोजा : एक दोन तीन चार, एक दोन तीन. एक दोन तीन चार, एक दोन तीन. गाणं परत चारांत शिरतं ती जागा तुम्हाला आपोआप कळेल.